काळ्या कोटांची जंगलसेवा

वकिलांना समाजसेवेची आठवण थंडीत होते. पावसाळ्यात जंगलातले रस्ते वाहून गेलेले असतात आणि उन्हाळ्यात आमच्या चंद्रपूरचं ऊन काळ्या कोटाला सोसत नाही. उरतात ते संक्रांतीच्या आगेमागेचे दिवस. मग बार रूममध्ये कुणीतरी चहाचा कप खाली ठेवायचं आणि घसा खाकरून म्हणायचं, "आपण समाजाचं काही देणं लागतो." ऐंशीच्या दशकात मी तिथे नवा होतो. हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. तिसऱ्या वर्षी ते ऐकलं की मी वही काढून कोण कुठल्या जीपमध्ये बसणार याची यादी करायला घ्यायचो.

मी सिंदेवाहीकडच्या खेड्यातला. आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली, वडील रेल्वेत गँगमन झाले आणि मी वकील झालो. आमच्या अख्ख्या गोतावळ्यात काळा कोट घातलेला पहिला माणूस. माझी आई तो कोट इस्त्रीसाठीसुद्धा परक्याच्या हातात देत नसे. ज्या ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली मी होतो त्यांना सगळं कोर्ट 'साहेब' म्हणायचं. जमिनीच्या दाव्यांत त्यांचा हात धरणारा चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत कुणी नव्हता. माझं कायद्याचं ज्ञान किती आहे हे तपासायला त्यांना कधी सवड मिळाली नाही, पण मला झाडीची, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातली बोली येते हे त्यांनी पहिल्याच दिवशी हेरलं होतं. खेड्यातला पक्षकार आला की ते मला हाक मारायचे, "अरे, हा काय म्हणतोय बघ जरा." तो माणूस मराठीतच बोलत असायचा.

त्या वर्षीचं मोफत कायदा सल्ला शिबीर गडचिरोलीच्या पलीकडच्या एका आश्रमशाळेत ठरलं. दोन जीपमध्ये आम्ही वकील आणि तिसरीत गाद्या, मच्छरदाण्या, उकळून गार केलेल्या पाण्याचे कॅन आणि चंद्रपूरचा एक फोटोग्राफर. आदल्या दिवशीचा मुक्काम जंगल खात्याच्या विश्रामगृहात होता. कोंबड्यांची सोय तिथल्या रेंजरनं केली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही ज्या गरिबांची बाजू घेणार होतो, त्यांच्यातल्या बहुतेकांवर खटले याच रेंजरच्या माणसांनी भरलेले होते. ही गोष्ट कुणाच्याच घशात अडकली नाही. माझ्याही नाही; मी दोनदा वाढून घेतलं.

शिबिराचं उद्घाटन झालं, हार झाले, भाषणं सुरू झाली. समोर पटांगणात गोंड बायापुरुष सकाळपासून बसलेली होती. आमच्यातल्या एका वकिलांनी त्यांना हिंदू विवाह कायदा समजावून सांगितला. अर्धा तास सांगितला. हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही असं त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात लिहिलेलं आहे, पण तिथपर्यंत वाचायचे कष्ट त्यांनी घेतले नव्हते. ऐकणारे मात्र शांत बसले होते. भाषण संपल्यावर एका म्हाताऱ्यानं मला हळूच विचारलं, "एसटी कवा सुरू होते म्हणते हा?" मी म्हटलं, एसटीचं ते काही बोलले नाहीत. त्याला आश्चर्य वाटलं. इतका वेळ माणूस बोलतो आणि एसटीचं बोलत नाही म्हणजे काय, हे त्याला कळेना.

शिबिराचा खरा माल होता 'निकाली प्रकरणं'. तालुक्याचे न्यायाधीश स्वतः शाळेत येऊन बसले होते. मुख्याध्यापकांचं टेबल त्यांना दिलं होतं आणि शेजारी फायलींचा गठ्ठा होता. लाकूड तोडलं, बांबू नेला, जंगलाच्या जमिनीवर अतिक्रमण केलं, असे खटले. ते चालवून, साक्षी घेऊन एका दिवसात संपणं शक्य नव्हतं. पण आरोपीनं 'गुन्हा कबूल' म्हटलं की दोन मिनिटांत खटला निकाली निघतो. तेव्हा वकिलांनी करायचं काय, तर आपल्या अशिलाला गुन्हा कबूल करायला लावायचं. दंड किरकोळ असायचा आणि तो साहेब आपल्या खिशातून भरायचे. त्या वेळी फोटोग्राफर पुढे यायचा. बचाव करण्याची सनद घेतलेली माणसं रांग लावून लोकांना दोषी ठरवून घेत होती आणि त्याला सेवा म्हणत होती. चार वाजता समारोपाला मोठे पाहुणे येणार होते, त्याआधी गठ्ठा संपायला हवा होता.

लोकांना पटवायचं काम माझ्याकडे होतं. बोली माझी ना!

बाकीचे भराभर हो म्हणाले. अडली ती एक विधवा बाई. चाळिशीची असेल. धानाच्या दोन बांध्या, म्हणजे बांध घातलेली खाचरं, ती एकटी कसत होती आणि जंगल खात्याच्या गार्डनं तिच्यावर अतिक्रमणाची केस केली होती. नव्यानं जंगल तोडून शेत काढलं, असा आरोप. दोन वर्षं ती प्रत्येक तारखेला तालुक्याला येत होती. साक्षीला गार्डच यायचा नाही, म्हणून पुढची तारीख पडायची. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो.

"बाई, हो म्हणून द्या. आजच्या आज केस संपते. पेशीच्या चकरा बंद."

"पन मी नाई तोडलं ना, भाऊ. माह्या सासऱ्यानं फोडली हे जमीन. मी लगन होऊन आली तवा धान उभा होता तिथी."

तिनं कमरेची पिशवी सोडली आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद माझ्या हातात दिला. सासऱ्याच्या नावानं जंगल खात्यानंच फाडलेली दंडाची जुनी पावती होती, त्याच जागेची. मी वर्ष वाचलं आणि चपापलो. सरकारनं तेव्हा एक नियम केला होता. ठरावीक वर्षाच्या आधीपासून जो जंगलजमीन कसतो आहे, त्याच्या नावावर ती करून द्यायची. त्यासाठीचा तिचा अर्ज तहसिलीत पडून होता. पावती त्या ठरावीक वर्षाच्या कितीतरी आधीची होती. हा कागद कोर्टात दाखवला असता तर खटला तर उडालाच असता, वर जमिनीवरचा तिचा हक्कही पक्का झाला असता. तिला काही कबूल करायची गरजच नव्हती.

मी पावती घेऊन साहेबांकडे गेलो. ते चहा घेत होते. हाच कागद एखाद्या मालगुजाराच्या, जुन्या जमीनदाराच्या नातवानं आणला असता तर त्यांनी तो उजेडात धरून तीनदा वाचला असता. इथे त्यांनी तो हातातही घेतला नाही.

"अरे, ही फौजदारी केस आहे. जमिनीचं प्रकरण तहसिलीत, ते महसुली. दोन्ही फायली वेगळ्या. हिचा तिच्याशी काय संबंध?"

"पण साहेब, नवीन अतिक्रमण कबूल केलं तर..."

"साडेतीन वाजलेत," साहेब म्हणाले.

ही आमच्या धंद्याची सवय. माणूस एक असतो, आम्ही त्याच्या फायली करतो. फौजदारी एका कपाटात, दिवाणी दुसऱ्या, महसुली तिसऱ्या. मग आम्हाला खरंच वाटायला लागतं की माणूससुद्धा तीन कपाटांत राहतो. बाईची जमीन एकच होती. ती गेली तर सगळ्याच फायलींतून जाणार होती. एवढं कळायला वकिलीची परीक्षा लागत नाही. उलट ती दिली की हे कळेनासं होतं.

मी परत येऊन तिच्यासमोर बसलो. तिनं एकच प्रश्न विचारला.

"हो म्हटलं तं माही बांधी मलेच राहीन का?"

मी म्हणालो, "राहीन."

का म्हणालो, याची मी आजवर बरीच उत्तरं तयार केली आहेत. घाई होती, साहेबांनी सांगितलं होतं, दोन फायलींचा संबंध नसतो हे मलाही थोडंसं पटलं होतं. सगळी भंकस. मला साहेबांसमोर दुसऱ्यांदा जायची भीती वाटत होती, एवढंच होतं. बाई उठली, टेबलापुढे जाऊन 'हो' म्हणाली, अंगठा दिला. साहेबांनी दंड भरला. फोटोत साहेब तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे आहेत आणि मागे मी हसतो आहे.

मे महिन्यात ती चंद्रपूरला आली. साहेबांच्या ऑफिसच्या पायरीवर बसली होती. तिच्या हातात तहसिलीचा कागद होता आणि तो वाचून घ्यायला ती एवढ्या लांब आली होती. मी वाचला. अर्जदारानं न्यायालयात स्वतः कबूल केलं आहे की तिनं हे अतिक्रमण नव्यानं केलं, सबब ती नियमात बसत नाही, सबब अर्ज नामंजूर. शिबिरातल्या निकालाची नक्कल गार्डनं आठवड्याच्या आत तहसिलीत नेऊन दिली होती. वकिलांना दोन फायलींचा संबंध दिसला नव्हता. सातवी शिकलेल्या गार्डला दिसला.

"गड्डे खोदून राह्यले जी बांधीत," ती म्हणाली. "सागवान लावतो म्हनते. माहा धान कुठी पेरू?"

पेरणीला महिना उरला होता. मी तिला आत नेलं नाही. साहेब आत होते. तिला चहा पाजला, पुढच्या आठवड्यात या म्हटलं आणि मग एकटाच आत गेलो.

साहेब रागावले नाहीत. त्यांना वाईट वाटलं आणि ते फार वाईट दिसत होतं. "बघ," ते म्हणाले, "माणूस इतकं करतो या लोकांसाठी. दंडसुद्धा आपण भरला." मग म्हणाले, "फुकटच्या कामात इतका कीस काढायचा नसतो." हे वाक्य मी बार रूमच्या दारावर रंगवून घ्यायला हवं होतं. फी दिली की कीस, फुकट असलं की कीस नाही. डॉक्टरनं असं म्हटलं असतं तर लोकांनी त्याचा दवाखाना फोडला असता.

कबुलीवर झालेल्या शिक्षेविरुद्ध अपील जवळजवळ होतच नाही. एकच वाट होती. वरच्या कोर्टात रिव्हिजनचा अर्ज टाकायचा आणि म्हणायचं की ही कबुली खरी नव्हे, बाईला चुकीचं सांगून ती घेतली आहे. पण हे म्हणायला कुणीतरी शपथेवर सांगायला हवं की चुकीचं कुणी सांगितलं. तो माणूस मी होतो. माझं शपथपत्र एका पानाचं झालं असतं. 'जमीन राहील असं मी तिला सांगितलं, ते खोटं होतं, म्हणून तिनं गुन्हा कबूल केला.' एवढ्यावर तो निकाल टिकणं कठीण होतं.

साहेबांना हे मी बोलण्याआधीच समजलं. हुशार माणूस. "असं शपथपत्र केलंस," ते म्हणाले, "तर त्या दिवशीची सगळी प्रकरणं उघडतील. न्यायाधीशांची मान खाली जाईल. वकील संघाचं नाव जाईल. आणि सरकारी वकिलांच्या यादीसाठी मी तुझं नाव पाठवलंय, ते तुला ठाऊक आहेच." शेवटचं वाक्य त्यांनी चष्मा पुसता पुसता म्हटलं.

मग मी माझ्या वकिलीतला सगळ्यात चतुर अर्ज लिहिला. त्यात लिहिलं, की बाई गोंडी बोलते, तिला मराठी समजत नाही, भाषेच्या अडचणीमुळे गैरसमजातून कबुली दिली गेली. कुणाचाच दोष नाही. साहेबांचा नाही, न्यायाधीशांचा नाही, माझा तर नाहीच. दोष काय तो तिच्या भाषेचा. साहेबांनी मसुदा वाचला आणि पाठ थोपटली. दुसरा कुणी वकील ही केस घ्यायला तयार नव्हता, म्हणून मीच उभा राहायचं ठरलं. बाईचा अंगठा घेतला. अर्जात काय लिहिलं आहे ते तिला वाचून दाखवलं नाही. वेळ नव्हता, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

कोर्टाच्या उन्हाळी सुट्टीनंतर सुनावणी लागली. न्यायाधीश नुकतेच बदलून आलेले होते, आमच्या शिबिराचं त्यांना काही ठाऊक नव्हतं. मी भाषेच्या अडचणीवर सुरेख बोललो. जंगलातली अडाणी बाई, नागरी भाषा, कायद्याची भाषा, वगैरे. बोलताना मला माझाच आवाज आवडत होता. न्यायाधीशांनी ऐकून घेतलं आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईकडे पाहिलं.

"बाई, तुम्हाला मराठी समजतं?"

"समजते ना साहेब," ती म्हणाली. "हाटाले मराठीच बोलतो आमी."

"मग त्या दिवशी काय विचारलं ते समजलं होतं?"

"समजलं होतं. तू जंगल तोडलं का, असं इचारलं. मी हो म्हटलं."

"तोडलं नव्हतं तर हो का म्हटलं?"

तिनं माझ्याकडे बोट केलं. रागानं नाही. दुकान कुठलं ते दाखवावं तसं. "ह्या भाऊनं सांगतलं. हो म्हटलं तं बांधी राहीन म्हने. म्हून म्हटलं."

कोर्टात दोन-चार वकील आपापल्या नंबरची वाट बघत बसले होते. त्यांच्यातला एक खोकला. न्यायाधीशांनी अर्ज पुन्हा वाचला, चष्मा काढला आणि मला विचारलं, "वकीलसाहेब, हे तुमच्या अर्जात नाही. बाई म्हणते ते खरं आहे का?"

आता आमच्या धंद्यात अशा वेळेसाठी एक वाक्य आहे. ते मी म्हटलं. "सर, मला तशा सूचना नाहीत." सूचना म्हणजे अशिलानं वकिलाला सांगितलेलं म्हणणं. माझं अशील माझ्या शेजारी उभं राहून, कोर्टासमोर, स्वच्छ मराठीत सांगत होतं, आणि मला सूचना नव्हत्या.

न्यायाधीश सरळ मनाचे होते. त्यांनी मला आणखी एक संधी दिली. "सूचनांचं राहू द्या. तुम्ही तिथे होता. तुम्ही हिला असं सांगितलं होतं का? तसं असेल तर मी शपथपत्र दाखल करायला वेळ देतो."

हो म्हणायचं होतं. एवढंच. शिबिरात तिच्याकडून जेवढं मागितलं होतं तेवढंच आता माझ्याकडून मागितलं जात होतं, आणि या वेळी ते खरं होतं. तिनं एका 'हो'मध्ये दोन बांध्या घालवल्या होत्या. माझी फार तर यादीतली एक जागा गेली असती.

"नाही सर," मी म्हणालो.

अर्ज फेटाळला गेला. कारण साधं होतं. अर्जदाराला भाषा समजते, तिनं समजून उमजून कबुली दिली. ते चार ओळींत टाइप झालं. पावसाळ्यात बांधीत सागाची रोपं लागली आणि त्याच वर्षाच्या शेवटी माझं नाव सरकारी वकिलांच्या यादीत लागलं. पुढची बरीच वर्षं मी शिबिरांना जात राहिलो, नंतर नंतर तर भाषणंही करायला लागलो. समाजाचं देणं या विषयावर मी बरा बोलतो असं लोक म्हणतात.

अर्ज फेटाळला गेला त्या दिवशी कोर्टाबाहेर बाई लिंबाखाली उभी होती. मला वाटलं होतं ती शिव्या देईल, आणि खरं सांगायचं तर तिनं त्या द्याव्यात अशी माझी इच्छा होती. म्हणजे हिशेब मिटल्यासारखं मला वाटलं असतं आणि मी जेवायला गेलो असतो. ती शिव्या देत नव्हती. तिला खरंच काहीतरी समजून घ्यायचं होतं. तिनं पदर सारखा केला आणि विचारलं,

"भाऊ, मले हो म्हनाले तं तुमी सांगतलं होतं. तुमाले आज नाई म्हनाले कोनं सांगतलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. साहेब त्या दिवशी कोर्टात आलेही नव्हते.